ल्योंमध्ये सीएपी बुलांजे: पहिल्या अर्जापासून निकालापर्यंत

जून 2025 मध्ये मी फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या शिक्षण विभागातून सीएपी बुलांजेची परीक्षा दिली. ही फ्रान्सची पाव बनवण्याची सरकारी पदविका. मराठीत यावर लिहिलेलं मला काही मिळालं नाही, आणि फ्रेंचमध्ये जे होतं ते इथेच जन्मलेल्या आणि शाळेत गेलेल्या माणसांसाठी होतं. पासपोर्टवर सासरचं नाव आणि जन्मदाखल्यावर माहेरचं असेल तर कुठला रकाना कसा भरायचा, हे त्यात नव्हतं. फ्रान्समध्ये राहणाऱ्या आणि हा विचार मनात घोळवणाऱ्या मराठी माणसांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी मूळची नाशिकची. ल्योंमध्ये मास्टर्स केलं आणि पुढे इथेच सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली. पाव घरी करत होतेच, पण दुकानासाठी करायचा तर कायदा आडवा येतो. 1996 च्या कायद्यानुसार फ्रान्समध्ये पावाचा धंदा चालवायचा तर तिथे पदविकाधारक किंवा या कामाचा तीन वर्षांचा अनुभव असलेलं कुणीतरी असावंच लागतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर तीन वर्षं कुणाच्या हाताखाली काढण्यापेक्षा मी पदविकेचा रस्ता धरला.

फेब्रुवारी 2024 मध्ये मी ऑफिसात विषय काढला. सरळ राजीनामा दिला तर बहुतेक वेळा बेकारी भत्ता मिळत नाही. रुप्त्यूर कोंव्हान्स्योनेल, म्हणजे दोघांच्या संमतीने करार संपवला, तर मिळतो. सही झाल्यावर पंधरा दिवस दोन्ही बाजूंना माघार घेण्याची मुभा असते, त्यानंतर सरकारी मंजुरीसाठी आणखी पंधरा कामाचे दिवस. एप्रिलअखेर मी मोकळी झाले. माझ्याकडे दहा वर्षांचं रहिवासी कार्ड असल्यामुळे कुठलंही काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. तुमचं कार्ड एखाद्या ठरावीक नोकरीला बांधलेलं असेल, तर सहीच्या आधी प्रेफेक्तूरकडून, म्हणजे कार्ड देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, लेखी उत्तर घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

मे महिन्यात फ्रान्स त्रावाय या सरकारी रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं. आधीचं पोल आंप्लोआ, 2024 पासून नाव बदललं आहे. तिथल्या सल्लागार बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'पहाटे तीनला उठून पाहिलंय का?' आणि एक उपयोगी गोष्ट सुचवली: पीएमएसएमपी. म्हणजे फ्रान्स त्रावायच्या करारावर एखाद्या बुलांजरीत, म्हणजे पावाच्या दुकानात, थोडे दिवस प्रत्यक्ष काम बघायचं. पगार नाही, पण अपघाताचा विमा आणि तुमचा भत्ता चालू राहतो. दुकान आपणच शोधायचं. मी दुपारी तीनच्या सुमारास जायचे, कारण सकाळी गिऱ्हाइकांची रांग असते आणि दुपारनंतर बेकर घरी झोपायला गेलेला असतो. मधल्या त्या तासाभरात बोलायला माणूस मिळतो. ल्योंच्या क्रुआ-रूस भागातल्या चढावरच्या एका छोट्या दुकानाने होकार दिला. पुढची माझी स्टाज, म्हणजे प्रशिक्षणातलं दुकानातलं काम, तेही तिथेच झालं. या पीएमएसएमपीचा कागद प्रशिक्षणाच्या अर्जाला जोडला की 'उमेदवाराला कामाची कल्पना आहे' हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आता पैशांचं. प्रशिक्षणाची फी 7,800 युरो होती. इथे नोकरी केली की दरवर्षी सीपीएफ नावाच्या प्रशिक्षण-खात्यात 500 युरो जमा होतात, जास्तीत जास्त 5,000 पर्यंत. माझ्या खात्यात साडेतीन हजारांच्या आसपास होते. मे 2024 पासून सीपीएफ वापरताना स्वतःचेही काही पैसे भरावे लागतात (तेव्हा 100 युरो होते), पण नोकरी शोधणाऱ्यांना त्यातून सूट आहे. उरलेल्या रकमेसाठी एआयएफ नावाची मदत मागितली. त्यासाठी केंद्राने देव्ही, म्हणजे खर्चाचं कोटेशन, फ्रान्स त्रावायला ऑनलाइन पाठवायचं आणि ते आपण आपल्या खात्यात मान्य करायचं. एका केंद्राकडून देव्ही येता येईना. शेवटी मी दुसऱ्या केंद्राकडे अर्ज केला आणि तिथून ते दोन दिवसांत आलं. म्हणून सुरुवातीलाच दोन ठिकाणी बोलून ठेवा. मंजुरी जुलैच्या मध्यावर आली. तोवरचे आठवडे फार अस्वस्थ गेले. नोकरी सुटलेली, पुढचं काही नक्की नाही आणि आईचा रोज फोन, 'झालं का गं काही?'

2 सप्टेंबर 2024 ला वर्ग सुरू झाला. काही आठवडे केंद्रात, काही आठवडे बुलांजरीत, असा क्रम जूनपर्यंत. वर्गात एक परिचारिका होती, एक ट्रकचालक, एक बँकेतून आलेला. सगळे तिशी-चाळिशीतले.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत परीक्षेची नोंदणी चालते, सिक्लाद नावाच्या सरकारी संकेतस्थळावर. परीक्षेला फी नाही. इथेच तो नावाचा प्रश्न येतो. फ्रान्सच्या दफ्तरी जन्मनाव आयुष्यभर कायम असतं आणि लग्नानंतरचं नाव ही फक्त वापरायची सोय. पदविका जन्मनावाने निघते. माझ्या पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, त्यात नवऱ्याचं नाव मधे. जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव. मी जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला, दोन्हींचं शपथपत्रित अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर करून घेतलं. पानाला 35 युरो पडले. 'नों द नेसांस'च्या रकान्यात माहेरचं आडनाव आणि 'नों द्युझाज'मध्ये आताचं घातलं. मधलं नाव दुसरं प्रेनों (स्वतःचं नाव) म्हणून न घालता सोडून दिलं. नोंदणीनंतर एक पुष्टीपत्र निघतं. त्यातलं एकेक अक्षर तपासा, सही करून मुदतीत परत पाठवा. ते परत गेलं नाही तर नोंदणी धरली जात नाही.

माझ्याकडे फ्रेंच मास्टर्सची पदवी असल्यामुळे फ्रेंच, इतिहास-भूगोल, गणित-विज्ञान, खेळ असे सामान्य विषय माफ झाले. पीएसई मात्र द्यावा लागला. हा आरोग्य आणि सुरक्षिततेचा छोटा लेखी पेपर: झोपेची लय, 25 किलोचं पोतं कसं उचलायचं, पिठाच्या धुळीने होणारा दमा. धुळीचं मी मनावर घेतलं. टेबलावर पीठ भिरकावण्याची सवय दिसायला छान, पण मी पहिल्या दिवसापासून ते हाताने खालच्या खाली पसरवायला शिकले.

वर्गातला सैद्धांतिक भाग मला मनापासून आवडला. 13 सप्टेंबर 1993 चा एक हुकूम आहे. त्यात 'पँ द त्रादिस्यों फ्रांसेझ' (पारंपरिक फ्रेंच पाव) या नावाने काय विकता येईल ते लिहिलं आहे: गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, आणि यीस्ट किंवा लव्हँ. घातक पदार्थ सोडाच, कुठलंही अॅडिटिव्ह नाही, आणि करताना कुठल्याच टप्प्यावर गोठवायचं नाही. वालाच्या जातीतल्या फाबा शेंगेचं पीठ दोन टक्क्यांपर्यंत चालतं, हेही त्यातच. लव्हँ म्हणजे पिठापाण्याचं नैसर्गिक आंबवण; पाव 'ओ लव्हँ' म्हणून विकायचा तर त्या पावाचा सामू 4.3 च्या वर नसावा. 1998 च्या कायद्याने तर पाव जिथे विकला जातो तिथेच मळून, फुगवून, आकार देऊन भाजला नसेल, तर दुकानावर 'बुलांजरी' लिहायचीही बंदी केली. हे वाचल्यावर रस्त्यावरून जाताना पाट्या वाचायची सवय लागली. जिथे 'बुलांजरी' नाही, तिथे का नाही ते कळतं. 'बागेत' (baguette) या लांब फ्रेंच पावाच्या कौशल्याला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं ते 30 नोव्हेंबर 2022 ला, आणि वर्गातल्या भिंतीवर त्याची बातमी चिकटवलेली होती. पण गुरुजींना त्याहून जास्त अभिमान 1993 च्या हुकमाचा होता. त्यांच्या मते कारखान्यातल्या गोठवलेल्या पिठापुढे छोटी दुकानं टिकली ती त्यामुळे. मलाही ते पटतं.

नोव्हेंबरमध्ये एक शनिवार-रविवार मोकळा मिळाला तेव्हा मी व्हिलार-दारेनला गेले. ग्रेनोब्लहून ब्रियांसोंकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ला ग्रावच्या पुढे, सोळाशे मीटरहून उंचावरचं गाव. तिथे अजून गावाची सामायिक भट्टी आहे आणि नोव्हेंबरमध्ये तीत राय या धान्याचा उकळत्या पाण्यातला पाव भाजतात. गावकरी त्याला पो ब्यूली म्हणतात. पूर्वी जळण कमी, म्हणून वर्षाचा पाव एकदाच भाजून ठेवायचे आणि पुढे महिनोन्महिने तो कापून खायचे. रायच्या पिठावर उकळतं पाणी ओततात. मी पाहिलं आणि आजीची भाकरीची उकड आठवली. कारणही तेच आहे: ज्वारी-तांदळात ग्लुटेन नाही, रायमध्ये असतं ते जाळी धरत नाही, म्हणून गरम पाण्याने स्टार्च शिजवून पिठाला चिकटपणा आणायचा. पीठ लाकडी डोणीत होतं, राखाडी, जड, वाफाळतं, आणि चारपाच जण बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घालून ते उलथत होते. विकत घेतलेला पाव मी घरी पातळ कापून लोण्याबरोबर खाल्ला. आंबट-गोड, दाट, अगदी घट्ट. परीक्षेच्या दृष्टीने या सहलीचा उपयोग एवढाच झाला की 'पँ द सेग्ल' (रायचा पाव) म्हणायला किमान 65 टक्के राय लागते हा आकडा कायमचा डोक्यात बसला.

डिसेंबरपासून स्टाज. करारावर केंद्र, दुकान आणि मी अशा तिघांच्या सह्या लागतात, आणि सही झाल्याशिवाय दुकानात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर विमा नसतो. काम पहाटे तीनला सुरू. ल्योंची मेट्रो त्या वेळेला बंद असते, म्हणून राहायला जवळचं दुकान किंवा सायकल, हे आधी ठरवा. मी सायकलने जायचे. झोप दोन तुकड्यांत घ्यायला लागले: रात्री आठ ते अडीच, आणि दुपारी तासभर. शाळेतून आलेल्या लेकीला जेवायला वाढताना माझेच डोळे मिटायचे. पहिला महिनाभर मनगटं दुखली. शेफने सुट्टी दिली नाही, काम बदललं: मळण्याऐवजी भट्टीवर उभं केलं. त्यांना सुरुवातीला मी 'व्हू', म्हणजे 'तुम्ही', म्हणायचे आणि तेही मला. जानेवारीत एक दिवस त्यांनीच 'त्यू', म्हणजे 'तू', सुरू केलं.

जानेवारी म्हणजे गॅलेत. एपिफनी या ख्रिस्ती सणासाठी उत्तरेकडे बदामाच्या सारणाची पदराची गॅलेत, दक्षिणेकडे संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा सुगंध असलेली, वर साखरेत मुरवलेली फळं लावलेली गोल ब्रिओश, म्हणजे लोणी-अंड्यांचा गोडसर पाव. ल्यों या दोन्ही प्रदेशांच्या मधे, त्यामुळे दुकानात दोन्ही. फेब्रुवारीत ब्यून्य, मार्दी ग्रा सणाचे तळलेले पापुद्रे; तळणीसमोर उभं राहून करायचं एकमेव काम. त्यात लाल प्रालीनची ब्रिओश वर्षभर. गुलाबी साखरेत घोळलेले बदाम पिठात मळायचे. ते शेवटी आणि हळूच घालायचे, नाहीतर साखर विरघळून पीठ चिकट होतं. सें-जेनी या साव्हुआच्या गावची ही ब्रिओश, रोमां गावची पोन्य, बूर्गच्या बाजूची पेरूजची गॅलेत, सगळं ल्योंपासून दोन तासांच्या आत. या प्रदेशात शिकायला मिळालं याचा मला फार आनंद आहे.

'बागेत' पाव करायला शिकण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. साडेतीनशे ग्रॅमचा गोळा, भाजल्यावर तो अडीचशेच्या आसपास भरतो. हलक्या हाताने चपटा करायचा, वरची कड मध्यावर, मग खालची कड, आणि शेवटी दुमडून तळहाताच्या टाचेने शिवण बंद. दाब कमी पडला तर भट्टीत शिवण उघडते, जास्त पडला तर आतली हवा जाते. मग दोन्ही हातांनी मधून बाहेर लोटत लांब करायचा. चिरा देताना लाम, म्हणजे ब्लेडची पातळ सुरी, जवळजवळ आडवी धरायची आणि प्रत्येक चीर आधीच्या चिरेच्या शेवटच्या तिसऱ्या भागावरून सुरू करायची. तसं केलं की चिरेची कड भट्टीत उचलून येते. फेब्रुवारीअखेर एका पहाटे ती ओळीने सगळ्यांवर उचलली. शेफ काही बोलले नाहीत, त्या दिवशीचे पाव दर्शनी भागात लावले.

मे महिन्यात कोंव्होकास्यों, म्हणजे परीक्षेचं बोलावणं, खात्यात आलं. केंद्र सेंत-एतियेन शहरातलं एक लिसे (उच्च माध्यमिक शाळा), हजर राहायची वेळ सकाळी लवकर. ल्योंहून पहिली गाडी पकडण्यापेक्षा मी आदल्या रात्री 70 युरोची खोली घेतली, तो खर्च पूर्ण वसूल झाला. बॅगेत पांढरा कोट, कुठल्याही शाळेचं वा दुकानाचं चिन्ह नसलेला, कारण परीक्षकांना तुम्ही कुठले ते कळता कामा नये. ॲप्रन, टोपी, सुरक्षा बूट (45 युरो), थर्मामीटर, लाम आणि सुटी पाती, वजनकाटा, पुसायला भरपूर फडकी, टायमर दोन. आणि ओळखपत्र. माझं कार्ड लग्नानंतरच्या नावाचं, म्हणून भाषांतरित विवाह दाखलाही सोबत ठेवला. दारावरच्या बाईंनी तो पाहून मान डोलावली आणि आत सोडलं.

आधी कागदावर काम. विषयपत्रिकेत आलं होतं: त्रादिस्यों, एक कंपान्य (गावठी) पाव, क्रुआसां आणि पँ ओ शोकोला (आत चॉकलेट असलेले), दुधाच्या पिठाचे छोटे पाव. त्यावरून साहित्याची वजनं काढायची आणि दिवसाचं वेळापत्रक आखायचं. हे वेळापत्रक वर्षभर दर रविवारी घरी काढायचा सराव केला होता, आणि माझ्या मते तोच सराव उपयोगी पडला. क्रुआसांचं पीठ पहिल्यांदा, कारण त्याला थंडीत विश्रांती हवी. ते फ्रिजमध्ये गेलं की कंपान्य, मग त्रादिस्यों, आणि त्या फुगत असताना लोण्याच्या घड्या. भट्टी एकच आणि उमेदवार अनेक, त्यामुळे आपली भट्टीची वेळ आधी सांगून ठेवावी लागते.

त्या दिवशी सकाळीच उकाडा होता. पाण्याचं तापमान काढण्याची इथली रीत सोपी आहे: ठरलेल्या आकड्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करायचं. मी 54 धरले. खोली 27, पीठ 25. पाणी 2 अंशांचं हवं. नळाचं पाणी त्याच्या जवळपासही नव्हतं. मी बर्फ मागितला, तो वजन करून पाण्यातच धरला, आणि मळून झाल्यावर पिठात थर्मामीटर खुपसला: 24. शेजारून जाणाऱ्या परीक्षकाने थांबून आकडा पाहिला आणि वहीत काही लिहिलं. लोण्याचंही तसंच. 84 टक्के स्निग्धांशाचं लोणी, वाकवलं तर वाकलं पाहिजे, तुटता कामा नये आणि बोटाला लागताही कामा नये. पीठ आणि लोणी सारखेच घट्ट असले तरच थर टिकतात. एक दुहेरी घडी, एक साधी घडी, मधे प्रत्येक वेळी फ्रिज. उकाड्यामुळे मी विश्रांतीला दहा मिनिटं जास्त दिली आणि ती मिनिटं वेळापत्रकात आधीच मोकळी ठेवलेली होती.

भाजून झाल्यावर सगळं टेबलावर मांडायचं, नावाऐवजी क्रमांक लावून. मग तोंडी. विचारलं: या पिठाचा 'टी 65' कशावरून? पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेवरून, मी सांगितलं. मीठ किलोला किती? 18 ग्रॅम. कंपान्यची चीर कमी का उघडली? फुगवण थोडी पुढे गेली होती, हे मी जसं होतं तसं सांगितलं. त्यांना पाव निर्दोष असण्यापेक्षा तुम्हाला कारण कळतं का हे बघायचं असतं, असं मला त्या पंधरा मिनिटांत जाणवलं. टेबल आणि जमीन साफ करण्यालाही गुण असतात. थकलेल्या अवस्थेतही ते सोडू नका. संध्याकाळच्या गाडीत मी बसल्या बसल्या झोपले.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन लागला. पास होण्यासाठी एकूण सरासरी 20 पैकी 10 आणि व्यावसायिक विषयांतही 10 लागतात. दोन्ही होते. मी आधी शेफना फोन केला, मग आईला. गुणपत्रक लगेच डाउनलोड करून ठेवा. नोकरीच्या अर्जाला तेच चालतं. मूळ पदविका काही महिन्यांनी येते आणि तिची दुसरी प्रत निघत नाही, हरवली तर फक्त प्रमाणपत्र मिळतं.

सप्टेंबरपासून मी त्याच दुकानात कामाला आहे, सध्या मुख्यतः क्रुआसांच्या घड्यांवर. पगार सॉफ्टवेअरच्या निम्म्याहून कमी आहे. घरात आधी बसून हिशेब करूनच हे ठरवलं होतं, आणि तुम्हीही तो आधी करा.

पुढच्या जूनला परीक्षा द्यायची असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून सिक्लादवर लक्ष ठेवा. त्याआधीच्या उन्हाळ्यात बुलांजरीतले ते पीएमएसएमपीचे दिवस करून घ्या, पण जुलैतच. ऑगस्टमध्ये अर्धी दुकानं सुट्टीवर असतात आणि जी उघडी असतात त्यांच्याकडे नवशिक्याकडे बघायला माणूस नसतो. दाखल्यांची भाषांतरं मे-जूनमध्येच करून घ्या, अनुवादकही ऑगस्टमध्ये गावी जातात.